महिनाअखेरीलाही टिकणारा व्यायाम

व्यायामाचं वेळापत्रक आखायला बसले तेव्हा मी समोर घेतला तो महिन्यातला सगळ्यात वाईट आठवडा. मी हिशेब विभागात काम करते. महिनाअखेर आली की खाती बंद करायची, ताळे जुळवायचे, अडकलेली बिलं सोडवायची आणि लगेच पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला अहवाल द्यायचे. त्या दिवसांत घरी यायची वेळ माझ्या हातात नसते. उरलेले आठवडे त्या मानाने बरे, पण तेव्हाही सकाळ मुलीच्या शाळेच्या गडबडीत जाते आणि संध्याकाळ तिचा अभ्यास, स्वयंपाक, आवराआवर यात. चांगल्या आठवड्याकडे बघून आखणी केली असती तर ती दर महिन्याला एकदा हमखास कोलमडली असती. म्हणून वाईट आठवड्यात जेवढं बसेल तेवढंच पक्कं धरायचं आणि बाकीच्या आठवड्यांत त्यावर भर घालायची, असं ठरवलं. पुढचं सगळं या एका निर्णयातून आलं.

निमित्त होतं ऑफिसच्या वार्षिक तपासणीचं. यकृतावर चरबी दिसली आणि साखर काठावर आली. डॉक्टरांनी गुडघे, रक्तदाब, छातीत कधी दुखतं का, चढताना धाप लागते का, असं सगळं विचारून घेतलं आणि व्यायामाला हरकत नाही म्हणाले. मग त्यांनी टेबलाच्या खणातून टेप काढली. "वजनाच्या आकड्यामागे फार लागू नका. कंबर मोजत चला. उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असायला हवी." हा निकष ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचनांमध्ये घेतला आहे आणि तो लक्षात ठेवायला फार सोपा आहे. मोजायची जागाही त्यांनी दाखवली: सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. आपण जिथे कपडे बांधतो ती जागा बहुतेक वेळा याच्या खाली असते, त्यामुळे कपड्यांच्या मापावरून अंदाज बांधता येत नाही. माझं माप निम्म्याच्या बरंच वर होतं.

आखणीच्या आधी मी दिवस लिहून काढले, एक साधा आठवडा आणि एक महिनाअखेरचा. दर अर्ध्या तासाला काय करत होते ते फोनवरच टिपायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही असं मला अजूनही वाटतं. आपला दिवस कुठे जातो याबद्दल आपल्या मनात एक चित्र असतं, आणि कागदावरचं चित्र त्याच्याशी जुळत नाही. माझ्या कागदावर सलग मोकळा तास कुठेच नव्हता. मात्र तुकडे बरेच होते. मुलगी शाळेच्या गाडीत बसल्यापासून मी निघेपर्यंतची अर्ध्या तासाच्या आतबाहेरची वेळ. जेवणाच्या सुट्टीतला उरलेला भाग. मुलीचा क्लास सुटेपर्यंत बाहेर थांबायचं ते. आणि सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे ज्या फोन मीटिंगमध्ये मला फक्त ऐकायचं असतं त्या.

अशा तुकड्यांचा काही उपयोग आहे का, ही शंका मलाही होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशीत व्यायाम सलग किमान दहा मिनिटांचा असावा अशी अट होती. २०२० च्या शिफारशीत ती काढून टाकली. आता प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम, असं सांगितलं जातं. मिनिटं कशी गोळा करायची हे आपल्यावर सोडलंय. माझ्यासारख्या दिवसाला ही फार मोठी सवलत आहे.

मग हिशेब केला, कारण आकडे मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. किलोभर चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात असं ढोबळमानाने धरतात. सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालल्यावर सुमारे १४० खर्च होतात, पण त्यातल्या पस्तीसेक तर बसून राहिलं तरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे जास्तीचा खर्च साधारण १०५. आठवड्यातून पाच वेळा चाललं तर सव्वापाचशेच्या आसपास. या दराने एक किलो चरबी उतरायला जवळजवळ पंधरा आठवडे लागतील, तेही खाणं तसूभरही वाढलं नाही तर. आणि चालून आल्यावर भूक वाढते हे कोणालाही विचारा.

हे पाहिल्यावर कामाची वाटणी स्पष्ट झाली. चरबी कमी करण्याचा मोठा वाटा खाण्याने उचलायचा आणि व्यायामाने दुसरी कामं करायची. खाण्याबद्दल थोडक्यात सांगते: वाढून घेतानाच थोडं कमी, प्रत्येक जेवणात प्रथिनांचा ठळक भाग आणि रात्री उशिरा ऑफिसमध्ये बसून येता-जाता तोंडात टाकणं बंद. याहून कडक काही केलं नाही, कारण महिनाअखेरीला उपाशी पोटी आकडे जुळवणं मला जमणार नव्हतं. व्यायामाला जे काम दिलं ते असं. खाणं कमी केलं की शरीर फक्त चरबी खर्च करत नाही, स्नायूही झिजवतं. स्नायूंना नियमित ताण मिळत राहिला आणि प्रथिनं पुरेशी असली तर ही झीज बरीच रोखता येते. म्हणून ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, काहीही झालं तरी. त्याच्या खालोखाल दिवसभर विखुरलेलं चालणं. चांगल्या आठवड्यात ताकदीचा तिसरा दिवस आणि एखादा धाप लागणारा व्यायाम. वेळ कमी पडली की याच क्रमाने खालून वगळत जायचं, हे आधीच लिहून ठेवलं होतं. ऐनवेळी दमलेल्या डोक्याने निवड करायची वेळ येऊ दिली नाही.

(स्नायू वाढले की बसल्या जागी भरपूर कॅलरी जळतात, हे ऐकून कोणी ताकदीच्या व्यायामाकडे वळणार असेल तर सांगते, तो आकडा लहान आहे. विश्रांतीत असलेला एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ किलोकॅलरी खर्च करतो, तर एक किलो चरबी साडेचार. फरक आहे, पण ताकद कमवायची ती स्नायू टिकावेत, साखर नीट वापरली जावी आणि जिने चढताना गुडघ्यांना आधार मिळावा म्हणून.)

ताकदीचा व्यायाम शिकवला तो माझ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने. मी तिच्यासमोर फोनवर साठवलेल्या वीसेक व्यायामांची यादी ठेवली. तिने ती नुसती वर-खाली केली आणि म्हणाली, "अगं, एवढं नको. शरीर मुळात चार-पाचच गोष्टी करतं. बसून उठणं, ढकलणं, ओढणं, कमरेतून वाकून उचलणं आणि पोट-पाठ घट्ट धरून ठेवणं. एवढं नीट कर, वर्षभर दुसरं काही लागणार नाही."

माझा संच त्यातून ठरला. खुर्चीला टेकून लगेच उठायच्या बैठका. भक्कम टेबलाच्या कडेवर हात ठेवून तिरक्या अंगाने पुशअप्स, कारण जमिनीवरचा एकही मला तेव्हा जमत नव्हता. पुस्तकं भरलेली सॅक एका हाताने ओढणं, दुसरा हात खुर्चीवर, कोपर कमरेकडे न्यायचं, खांदा कानाकडे जाऊ द्यायचा नाही. शेवटी प्लँक, म्हणजे कोपर आणि पायांची बोटं टेकवून अंग सरळ रेषेत घट्ट धरून ठेवणं. आणि या सगळ्यांत कठीण निघालं ते कमरेतून वाकणं.

ते शिकवायला तिने झाडूचा दांडा घेतला आणि माझ्या पाठीवर उभा धरला. "डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला राहिला पाहिजे. आता वाक." मी वाकले की खालचं टोक सुटायचं. पाठ गोल होते आहे हे मला जाणवतही नव्हतं, दांडा सांगायचा तेव्हा कळायचं. मग तिने मला भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं केलं. "वाकायचा विचारच करू नकोस. मागच्या दाराला ढुंगणाने ढकलतेस असं समज." गुडघे किंचित सैल, कंबर मागे, भिंतीला हलका स्पर्श, आणि मांड्यांच्या मागून ताण बसायला लागला. दांडा तिन्ही जागी टेकलेला. "हं, हे तू रोज बॅग उचलताना करायला हवंस," ती म्हणाली. सॅक हातात घेऊन हीच हालचाल करायची, एवढाच तो व्यायाम. माझी कंबर संध्याकाळी ठणकायची ती पुढच्या काही आठवड्यांत कमी झाली आणि माझ्या मते त्याचं श्रेय बरंचसं या हालचालीला आहे.

वेळ वाचवायची युक्तीही तिचीच. बैठका झाल्या की थांबायचं नाही, लगेच सॅक ओढायची. पाय विश्रांती घेतात तोवर पाठ काम करते, पाठ थांबली की पुन्हा पाय. पुशअप्स आणि कमरेतून वाकणं यांची अशीच जोडी. दोन्ही जोड्या तीन-तीन फेऱ्या, मग प्लँक. सुरुवातीचं अंग मोकळं करणं धरून पंचवीस मिनिटांत संपतं. प्रत्येक फेरीत आठ ते बारा वेळा. अजून दोन-तीन जमतील असं वाटत असतानाच थांबायचं. बारा व्यवस्थित जमायला लागले की सॅकमध्ये आणखी एक जाड पुस्तक घालायचं आणि पुन्हा आठवर यायचं. हा भार हळूहळू वाढवत नेणं हाच ताकदीच्या व्यायामाचा गाभा आहे. तेच वजन वर्षभर उचलत राहिलं तर शरीराला बदलायचं काही कारण उरत नाही.

आता वाईट आठवडा. त्याच्यासाठी याच संचाची एक छोटी आवृत्ती केली: बैठका, पुशअप्स, सॅक ओढणं, प्रत्येकी दोन फेऱ्या, दहा मिनिटांच्या आत. महिनाअखेरीला एवढंच करायचं, आणि एवढं केलं की तो दिवस वहीत पूर्ण म्हणूनच लिहायचा. ही दुसरी अट मला महत्त्वाची वाटते. छोट्या संचाला कमी लेखलं की तो गळायला लागतो. ताकद मिळवायला जेवढे कष्ट लागतात त्यापेक्षा ती टिकवायला बरेच कमी पुरतात, त्यामुळे एक आठवडा असा गेला म्हणून काही बिघडत नाही. वहीतल्या नोंदीही तेच सांगतात: महिनाअखेरनंतरच्या पहिल्या पूर्ण संचात सॅकमधलं पुस्तक मला कधी काढावं लागलेलं नाही.

वेळ कशी बांधायची यावर मी बरंच वाचलं. त्यात मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं १९९९ मधलं मांडणं सगळ्यात उपयोगी पडलं. 'मी व्यायाम करीन' असं ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता वाढते. मी घड्याळाची वेळ लिहिलीच नाही, कारण माझ्या घरात घड्याळ रोज थोडं पुढे-मागे सरकतं. घटना लिहिल्या. शाळेची गाडी वळली की घरात येऊन दार लावायचं आणि फोन न बघता सॅक उचलायची. सकाळ हुकली तर रात्रीच्या जेवणाआधी छोटा संच. तोही हुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्याबद्दल मनाला लावून घ्यायचं नाही. सवयींवर लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांची मधली संख्या ६६ निघाली, पण माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे ऐकू येतं त्यापेक्षा हे मला जास्त धीर देणारं वाटलं.

घरात हे बोलून ठरवावं लागलं, आणि ते बोलणं मी टाळलं नाही. नवऱ्यासमोर दोन्ही आठवड्यांचे कागद ठेवले. त्याने माझा महिनाअखेरचा कागद पूर्ण वाचला आणि विचारलं, "यात तुला नेमकी माझी मदत कुठे हवी?" मी सांगितलं, मंगळवार आणि शुक्रवार सकाळ, मुलीला गाडीपर्यंत तू सोड. "झालं, ते दोन दिवस माझे," तो म्हणाला. व्यायामाचं कौतुक किंवा उत्तेजन याच्यापेक्षा अशी ठरावीक कामाची वाटणी जास्त कामाला येते. मुलगी सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून मोजते आणि "आई, कोपर बाहेर गेलं" असं सांगते. तिची नजर तीक्ष्ण आहे.

चालण्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण मला वाटतं बैठं काम करणाऱ्यांचा मोठा प्रश्न तिथे आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लठ्ठ नसलेल्या सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० किलोकॅलरी जास्त खायला दिल्या. सगळ्यांना जादा सारखंच, पण कोणाची चरबी ०.३६ किलोने वाढली, तर कोणाची ४.२३ किलोने. फरक मुख्यतः आला तो व्यायामाव्यतिरिक्तच्या हालचालीतून: उठणं, उभं राहणं, चुळबुळ करणं, इकडून तिकडे जाणं. ज्यांची ही हालचाल आपोआप वाढली त्यांच्यावर चरबी कमी चढली. आता उलट बाजूने बघा. खाणं कमी केलं की बऱ्याच जणांची ही हालचाल नकळत घटते, आणि महिनाअखेरीला तर मी खुर्चीतून उठतच नव्हते. सकाळी पंचवीस मिनिटं कसरत आणि मग दहा तास बसणं, असा दिवस असेल तर कसरतीने कमावलेलं बरंचसं खुर्चीत जातं.

पावलं मोजायला सुरुवात केली तेव्हा दहा हजारांच्या मागे लागले नाही. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रुळला, कोणत्या प्रयोगातून निघालेला नाही. मी माझी साध्या आठवड्याची सरासरी काढली, ती फारच कमी होती, आणि तिच्यात हजार-हजारने भर घालत गेले. मिळवली बहुतेक फोन मीटिंगमधून. ज्या मीटिंगला मला आकडे उघडून दाखवायचे नसतात त्यांची कॅलेंडरमध्ये वेगळ्या रंगाने खूण केली. त्या मीटिंगला इअरफोन लावून मी मजल्याच्या लांब व्हरांड्यात फेऱ्या मारते. वही छोटी, खिशात मावणारी, लिहायचं असेल तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहायचं. सुरुवातीला लोक वळून बघायचे. आता दोन सहकारीणी त्याच वेळेला असतात, बोलणं होत नाही, आम्ही तिघी वेगवेगळ्या मीटिंग ऐकत चालत असतो. वेग किती हवा याची साधी कसोटी: बोलता यावं, पण गाता येऊ नये. फेरीच्या शेवटी जिना असेल तर एक मजला वर-खाली. महिनाअखेरीला मीटिंग वाढतात, त्यामुळे सगळ्यात वाईट आठवड्यात माझी पावलं कमी होण्याऐवजी वाढतात. कागद लिहून काढल्याचा मला सगळ्यात मोठा फायदा हा झाला.

चार मिनिटांत चरबी जाळण्याचे व्यायाम मलाही बऱ्याच जणांनी सुचवले. वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद विश्रांती, ही पद्धत जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ मधल्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झाली. तो अभ्यास तरुण, सरावलेल्या विद्यार्थी-खेळाडूंवर होता, सायकलवर होता, आणि दम व ताकद किती वाढते हे बघायला होता. त्यांच्या त्या वीस सेकंदांची तीव्रता सामान्य माणसाला घरी गाठता येत नाही, आणि चार मिनिटांत खर्च होणाऱ्या कॅलरी शेवटी चार मिनिटांच्याच असतात. जोरदार व्यायाम वेळ वाचवतो, दम नक्की वाढवतो, आणि चरबीच्या बाबतीत मध्यम गतीच्या व्यायामाइतकाच उपयोग होतो असं आतापर्यंतच्या अभ्यासांतून दिसतं. मी तो चांगल्या आठवड्यात एकदा ठेवला आहे, जिन्यावर: एक मजला भरभर वर, सावकाश खाली, धाप बसेपर्यंत थांबायचं, पुन्हा वर. अपुऱ्या झोपेच्या आठवड्यात करत नाही. दमलेल्या पायांनी जिन्यावर घाई करणं मला धोक्याचं वाटतं.

ऑफिसात जास्तीत जास्त वेळा आलेला प्रश्न पोटाचा. "पोट कमी करायला काय करतेस ते सांग." पोटाचे व्यायाम पोटाचे स्नायू बळकट करतात, त्यावरची चरबी वेचून काढत नाहीत. १९७१ मध्ये टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजून पाहिले होते. खेळणारा हात वर्षानुवर्षं कितीतरी जास्त वापरलेला, पण दोन्ही हातांवर त्वचेखालच्या चरबीची जाडी सारखीच. चरबी कुठून आधी उतरायची हे शरीर ठरवतं. घामाचंही तसंच. घाम म्हणजे पाणी, प्यायलं की परत येतं. २०१४ मध्ये मीरमन आणि ब्राउन या दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हिशेब मांडला होता: दहा किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं.

आणखी एक नियम मी सुरुवातीपासून पाळला आणि तो पाळणं सगळ्यात जड गेलं. रात्री उशीर झाला तर सकाळचा व्यायाम रद्द, झोपायचं. पहाटे पाचला उठून व्यायाम करणाऱ्यांचं आपल्याकडे फार कौतुक होतं, आणि ज्यांना रात्री दहाला झोपता येतं त्यांनी जरूर करावा. शिकागोमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी कॅलरी खाणाऱ्या दहा जणांना दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेसाठी दिले. वजन दोन्ही वेळा साधारण सारखंच उतरलं. पण कमी झोपेच्या काळात उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला, स्नायू वगैरे जास्त गेले, आणि भूकही वाढली. माणसं थोडी होती, पण माझ्या निर्णयाला एवढं पुरेसं होतं. ज्या स्नायूंसाठी मी सॅक उचलते तेच झोप कापून घालवायचे, याला अर्थ नाही.

आकड्यांकडे बघण्याचीही एक पद्धत बसवावी लागली. ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन थोडं वाढलं. पायऱ्या उतरताना मांड्या दुखत होत्या, नव्या ताणाने स्नायूंना बारीक इजा होते आणि ती भरून येताना तिथे पाणी धरलं जातं. बायकांच्या बाबतीत पाळीच्या आधीही पाणी साठतं, कधी दीड-दोन किलोपर्यंत काटा वर जातो. त्यामुळे मी आठवड्यातल्या चार-पाच सकाळची सरासरी काढते आणि ती मागच्या महिन्यातल्या त्याच टप्प्याच्या आठवड्याशी ताडून बघते. मागच्या आठवड्याशी नाही. हा एक बदल केला आणि विनाकारण खचून जाणं थांबलं. कंबर पंधरा दिवसांनी एकदा. एक काळ असा आला की वजन जवळजवळ हललंच नाही आणि कंबर मात्र उतरत होती, तेव्हा डॉक्टरांनी टेप का हातात दिली ते नीट कळलं. सोबत वहीत सॅकमधल्या पुस्तकांची नोंद असते. पुशअप्ससाठी टेबलाच्या कडेवरून मी आता बुटक्या स्टुलावर आले आहे, तिथून जमीन फार लांब नाही.

पुढच्या तपासणीत साखर खाली आली होती आणि कंबर उंचीच्या निम्म्याला येऊन टेकली होती. डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवून विचारलं, "आता पुढे काय करणार?" प्रश्न योग्य होता. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली जाते, ज्यात बरंच वजन कमी करून ते वर्षभराहून जास्त टिकवलेल्या हजारो लोकांच्या सवयी नोंदवल्या जातात. त्यातले बहुतेक जण दिवसाला सरासरी तासभर शारीरिक हालचाल करतात. वजन उतरवताना व्यायामाचा वाटा लहान असतो, ते परत चढू न देण्यात तो मोठा होतो. म्हणून आता खाण्यातली तूट काढून टाकली आहे आणि चालणं वाढवायला घेतलं आहे.

तासभर एकदम कुठून मिळणार, तेव्हा पुन्हा दोन आठवडे दिवस लिहून काढले. मुलगी आता मोठी झाली आहे, क्लासला एकटी जाते, त्यामुळे बाहेर थांबायचा तुकडा गेला. त्याच्या जागी रात्रीच्या जेवणानंतर तिघांनी मिळून चालायला जायचं असं ठरलं आहे. ताकदीचे दोन दिवस तेच आहेत, सॅकच्या जोडीला डंबेल्स घेतले आहेत. तिमाही अखेर पुढच्या महिन्यात आहे, तेव्हाच्या कागदावर मंगळवार आणि शुक्रवारसमोर छोटा संच लिहून ठेवला आहे आणि ऐकायच्या मीटिंगना रंगही लावून झाला आहे.